हॅशटॅग : इंटरनेटच्या बाजारातील नावाची पाटी

आपल्याकडे कित्येक घराण्यांच्या आडनावातच धंद्याची पाटी असते. बागवान म्हटले की फळे आणि भाजी, आतार म्हटले की अत्तर आणि सुरमा, मणेर म्हटले की बांगड्या, तांबोळी म्हटले की पान, नदाफ म्हटले की गादी आणि कापूस, शिकलगार म्हटले की सुरी-कात्रीची धार. आज या घराण्यांतील पुष्कळ मुले वेगळ्या धंद्यात किंवा नोकरीत आहेत, तरी ही नावे बाजारात अजून कामाची आहेत. आजऱ्याहून, चंदगडहून किंवा सीमेपलीकडच्या संकेश्वरहून गडहिंग्लजच्या बाजारात आलेल्या माणसाला गादी भरून घ्यायची असेल, तर तो दुकानाचे नाव विचारत बसत नाही. "नदाफ कुठं बसतात?" एवढेच विचारतो आणि बरोबर जागी पोहोचतो.

एका नावाखाली एका प्रकारचा माल सापडावा, ही बाजाराची फार जुनी सोय आहे. इंटरनेटवर हीच सोय ज्या खुणेने होते तिला हॅशटॅग म्हणतात. आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंपैकी अनेकांनी आता इन्स्टाग्राम, फेसबुक, यूट्यूब यांवर खाती उघडली आहेत. मुलगा किंवा भाचा मालाचे फोटो टाकतो. परंतु हॅशटॅगच्या बाबतीत दोन टोके दिसतात. काहीजण तो अजिबात वापरत नाहीत, तर काहीजण फोटोखाली तीस-तीस शब्दांची माळ लावतात आणि गिऱ्हाईक का येत नाही म्हणून फोनला दोष देतात. दोन्ही पद्धती चुकीच्या आहेत. पाटी कशी रंगवावी, कोठे लावावी आणि तिच्यावर काय लिहू नये, याचा थोडा विचार या लेखात करू.

हॅशटॅग म्हणजे नेमके काय?

फोनच्या आकड्यांत शून्याच्या एका बाजूला तारा असतो आणि दुसऱ्या बाजूला दोन आडव्या व दोन उभ्या रेघांची खूण असते. ती खूण म्हणजे हॅश (#). ही खूण लावून तिला चिकटून एखादा शब्द लिहिला की तो हॅशटॅग झाला. त्या शब्दावर बोट ठेवले की तोच शब्द लावलेले इतरांचे फोटो आणि मजकूरही एकत्र दिसतात.

२३ ऑगस्ट २००७ रोजी ख्रिस मेसिना नावाच्या अमेरिकन गृहस्थाने ट्विटरवर ही पद्धत सुचविली. त्याने तिचे पेटंट घेतले नाही, म्हणून ती सर्वांची झाली. ट्विटरने २००९ मध्ये, इन्स्टाग्रामने २०११ मध्ये आणि फेसबुकने २०१३ मध्ये तिला रीतसर जागा दिली.

नियम थोडे आहेत. हॅशटॅगमध्ये मोकळी जागा चालत नाही. #संकेश्वरी मिरची असे तोडून लिहिले तर खूण फक्त 'संकेश्वरी' या शब्दाला लागते आणि मिरची बाहेर राहते. म्हणून #संकेश्वरीमिरची असे जोडून लिहावे. टिंब, स्वल्पविराम, आडवी रेघ यांनीही शब्द तुटतो. तोडायचाच असेल तर खालची रेघ वापरावी. देवनागरीत हॅशटॅग लिहिता येतो, परंतु टाकल्यानंतर मात्रा-वेलांट्यांसह पूर्ण शब्द निळा झाला की नाही हे एकदा डोळ्यांनी पाहून घ्यावे.

कोल्हापुरी चपलेचा धडा

नावाची किंमत काय असते हे आपल्या जिल्ह्याने अलीकडेच अनुभवले आहे. २२ जून २०२५ रोजी इटलीतील मिलान शहरात प्राडा या बड्या कंपनीने आपल्या पुरुषांच्या कपड्यांचे प्रदर्शन केले. त्यात काहींच्या पायांत अंगठ्याची चामडी चप्पल होती. कंपनीने तिचे वर्णन केवळ 'चामडी सँडल' असे केले. कोल्हापूरचा उल्लेखही केला नाही. परंतु फोटो बाहेर पडताच इकडच्या लोकांनी ती चप्पल ओळखली. हजारो लोकांनी त्या फोटोशेजारी 'कोल्हापुरी' हा शब्द लिहिला आणि बघता बघता ते नाव जगभर फिरले. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सचे अध्यक्ष ललित गांधी यांनी कंपनीला पत्र लिहिले. कंपनीच्या वतीने लोरेन्झो बेर्तेली यांनी, ही चप्पल पारंपरिक भारतीय पादत्राणांवरून प्रेरित असल्याचे मान्य केले. जुलैमध्ये कंपनीची माणसे कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटली. डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राचे लिडकॉम आणि कर्नाटकाचे लिडकर या दोन चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. दोन्ही राज्यांत सुमारे २,००० जोड तयार करून घेण्याचे आणि जोडाची किंमत सुमारे ८०० युरो ठेवण्याचे त्या वेळी जाहीर झाले.

यात आपल्यासाठी तीन गोष्टी आहेत.

पहिली गोष्ट, चप्पल तीच होती. नाव नसताना ती प्राडाची होती, नाव लागताच ती कोल्हापूरची झाली. मालाला नाव चिकटविणे म्हणजे काय, ते यावरून कळते.

दुसरी गोष्ट, या नावाच्या मागे कागद होता. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे जी.आय., मिळालेले आहे. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचा तो हक्क आहे. कागद नसता तर आरडाओरडा दोन दिवसांत विरून गेला असता.

तिसरी गोष्ट अधिक कडू आहे. नावाचा गाजावाजा झाला म्हणून कारागिराच्या खिशात आपोआप पैसा पडला नाही. त्या दिवसांत लोक 'कोल्हापुरी' शब्दाखाली चपला शोधत होते. ज्यांच्याकडे मालाचे स्वच्छ फोटो, किंमत, माप आणि फोन नंबर आधीच तयार होता, त्यांनाच या लाटेचा उपयोग करून घेता येण्यासारखा होता. बाकीच्यांनी बातमी वाचली आणि अभिमान बाळगला. लाट कधी येईल हे आपल्या हातात नाही. दुकान उघडे ठेवणे आपल्या हातात आहे.

शब्द निवडताना

दुसरे उदाहरण मिरजेचे घेऊ. मिरजेत एकोणिसाव्या शतकापासून सतार आणि तंबोरा तयार होतात. या परंपरेच्या आरंभी फरीदसाहेब सितारमेकर यांचे नाव घेतले जाते. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील हातांनी भोपळा आणि लाकडातून सूर काढण्याची कला उचलली आणि मिरजेचे नाव देशभर केले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

आता समजा मिरजेचा एखादा कारागीर नुसते #सतार लिहितो. त्याखाली देशोदेशीचे कार्यक्रम, गाणी, शिकवण्या असा प्रचंड पसारा असतो आणि त्याची सतार त्यात बुडून जाते. तोच #मिरजसतार लिहील तर पाहणारे थोडे असतील, पण जो येईल तो मिरजेचीच सतार शोधत आलेला असेल. आपल्याला गर्दी नको, गिऱ्हाईक हवे आहे.

शब्द दुअर्थीही नसावा. तंबोऱ्याच्या घोडीवर तार नीट झंकारावी म्हणून कारागीर जे काम करतात त्याला 'जवारी काढणे' म्हणतात. इकडे गडहिंग्लज भागात 'जवारी' म्हणजे अस्सल गावठी. जवारी मिरची, जवारी कोंबडी. मिरचीवाल्याने नुसते #जवारी लिहिले तर शेजारी तंबोरे येऊन बसतील आणि तंबोरेवाल्याच्या दारात मिरच्या! म्हणून #जवारीमिरची असा पूर्ण शब्द लिहावा.

तिसरी गोष्ट, गिऱ्हाईक मालाला काय म्हणते ते पाहावे. आपण काय म्हणतो ते नव्हे. कोल्हापूर जिल्ह्यात वर्षाच्या तिखटाला 'चटणी' म्हणतात. उन्हाळ्यात घरोघर चटणी कुटतात, असेच आपण बोलतो. परंतु पुण्या-मुंबईच्या बाईला चटणी म्हटले की नारळाची किंवा शेंगदाण्याची आठवते. ती 'कांदा लसूण मसाला' शोधते. माल एकच, पण जिल्ह्यातल्यासाठी #कोल्हापुरीचटणी आणि परगावच्यासाठी #कांदालसूणमसाला असे दोन्ही शब्द ठेवावे लागतात.

गडहिंग्लज हे नाव कसे लिहावे?

हा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण तसा नाही. मराठीत 'गडहिंग्लज' लिहिण्याची एकच रीत आहे. इंग्रजी अक्षरांत मात्र 'डी' आणि 'एच' शेजारी येतात आणि परगावचा माणूस 'गधिंग्लज' वाचतो. ते टाळण्यासाठी कोणी मध्ये एखादा 'ए' घालतो, कोणी एखादे अक्षर गाळतो. इंटरनेटला हा घोळ समजत नाही. त्याच्या लेखी प्रत्येक स्पेलिंग म्हणजे वेगळा बाजार. दहा दुकानदारांनी चार स्पेलिंगे लिहिली तर एका गावचा बाजार चार ठिकाणी फुटतो आणि कोठेच भरल्यासारखा दिसत नाही.

यावर उपाय साधा आहे. सरकारी कामकाजात आणि टपालात जे स्पेलिंग चालते तेच सर्वांनी धरावे आणि सोबत देवनागरी #गडहिंग्लज जोडावे. इंग्रजीत अक्षरे लहान की मोठी यामुळे शोधात फरक पडत नाही. मात्र प्रत्येक शब्दाचे पहिले अक्षर मोठे ठेवले तर जोडशब्द वाचायला सोपा जातो. एका गल्लीतील, एका धंद्यातील दुकानदारांनी बसून दोन-तीन शब्द ठरविले, तर त्या शब्दांखाली गावाचा माल एकत्र दिसू लागेल. आपला शेजारी येथे प्रतिस्पर्धी नाही. ज्या पेठेत दहा दुकाने असतात तिथेच गिऱ्हाईक येते.

कोठे किती?

प्रत्येक ठिकाणची रीत निराळी आहे.

इन्स्टाग्राम : येथे पूर्वी एका फोटोखाली तीसपर्यंत हॅशटॅग चालत. डिसेंबर २०२५ मध्ये कंपनीने ही मर्यादा पाचावर आणली. त्याआधी डिसेंबर २०२४ मध्ये हॅशटॅगला 'फॉलो' करण्याची सोयही काढून टाकली होती. म्हणजे माळ लावण्याचे दिवस संपले. आता फोटोखालच्या साध्या वाक्यांना अधिक महत्त्व आहे. जुलै २०२५ पासून व्यावसायिक खात्यांवरील खुला मजकूर गुगलच्या शोधातही येऊ शकतो. म्हणून "गडहिंग्लज येथे जवारी संकेश्वरी मिरची, देठासह, किलोचा भाव अमुक, घरपोच पाठवू" असे सरळ वाक्य लिहून खाली पाच शब्द द्यावेत.

हे पाच शब्द पुढीलप्रमाणे निवडता येतील : एक मालाचा, एक गावाचा, एक गिऱ्हाईकाच्या बोलीतला, एक हंगामाचा आणि एक आपल्या दुकानाच्या नावाचा. शिंप्याला रमजानच्या महिन्यात हंगामाचा शब्द ईदचा घेता येईल, लग्नसराईत शेरवानीचा घेता येईल. मिरचीवाल्याचा हंगाम उन्हाळ्यात चटणी करण्याचा. दुकानाच्या नावाचा शब्द मात्र बदलू नये. तो वर्षानुवर्षे तोच राहिला तर त्याखाली आपल्या कामाची वहीच तयार होते.

फेसबुक : येथे एक-दोन शब्द पुरेत. गावाचे आणि तालुक्याचे जे गट असतात त्यांत आपला माल नीट मांडणे अधिक उपयोगी पडते.

यूट्यूब : वर्णनात लिहिलेल्या हॅशटॅगपैकी तीनपर्यंत शब्द चित्रफितीच्या शीर्षकापाशी दिसतात. साठाहून अधिक टाकले तर यूट्यूब सर्वच्या सर्व दुर्लक्षित करते. कारागिराने आपले काम करतानाची दोन मिनिटांची फीत टाकावी. गादी पिंजताना, सुरीला धार लावताना, मिरची निवडताना जे दिसते ते शंभर शब्दांनी सांगता येत नाही.

एक्स (पूर्वीचे ट्विटर) : ज्या घरात हॅशटॅग जन्मला त्याच घराने जून २०२५ मध्ये पैसे भरून केलेल्या जाहिरातींतून त्याला हद्दपार केले. साध्या मजकुरात तो चालतो. पण आपल्या छोट्या दुकानदाराला येथे वेळ घालविण्याची फारशी गरज नाही.

व्हॉट्सअॅप : आपला निम्मा व्यवहार येथेच होतो, पण येथे हॅशटॅगचा उपयोग नाही. त्यावर बोट ठेवून बाजार उघडत नाही. येथे फोटो, भाव आणि पत्ता द्यावा.

नावाची जबाबदारी

आता सर्वात महत्त्वाची गोष्ट. पाटीवर जे लिहिले तेच आत विकले पाहिजे.

संकेश्वरी मिरचीचे उदाहरण घ्या. लांब, सडपातळ, पातळ सालीची आणि चवीला खमंग अशी ही मिरची. तिचे नाव संकेश्वरचे असले तरी गडहिंग्लजचा बाजार तिच्यासाठी ओळखला जातो. अलीकडे तिची लागवड कमी झाली आहे आणि म्हणून तिचा भाव चढा असतो. ब्याडगी मिरची रंगाला गडद आणि तिखटपणात सौम्य. तिला २०११ मध्येच मानांकन मिळाले आहे आणि तिचा मान वेगळा आहे. परंतु फोटोत लाल मिरची लालच दिसते. एखाद्याने दुसरीच मिरची किंवा मिसळ केलेला माल #संकेश्वरीमिरची म्हणून पुण्याला पाठविला, तर गिऱ्हाईकाला ते पाकीट उघडल्यावर, नाही तर भाजीत टाकल्यावर कळते. मग ती बाई गप्प बसत नाही. त्याच हॅशटॅगखाली, त्याच पाटीवर, ती आपली तक्रार लिहिते.

हॅशटॅग कोणाच्या मालकीचा नसतो. ती चावडी आहे. २०१२ च्या जानेवारीत मॅकडोनाल्ड या बलाढ्य कंपनीने आपल्या चांगल्या गोष्टी लोकांनी सांगाव्यात म्हणून अमेरिकेत एक हॅशटॅग काढला. लोकांनी त्याखाली वाईट अनुभवांचा पाऊस पाडला आणि कंपनीला काही तासांतच ती जाहिरात मागे घ्यावी लागली. एवढ्या मोठ्या कंपनीचे हे झाले, तर आपल्या पेठेचे काय होईल? तेथे एका दुकानाचे नाव खराब होऊन थांबत नाही. गडहिंग्लज हा शब्दच बदनाम होतो आणि ज्या शेतकऱ्याने अस्सल बियाणे जपले त्याच्या मालालाही भाव राहत नाही. भाव राहिला नाही तर तो पुढच्या वर्षी ते बियाणे लावणार नाही. मग पाटी राहील आणि माल संपेल.

कायद्याची बाजूही माहीत असावी. मानांकन मिळालेले नाव खोट्या मालाला लावणे हा भौगोलिक मानांकन कायदा, १९९९ प्रमाणे गुन्हा आहे. त्यास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे. यंत्रावर केलेल्या रबरी चपलेखाली #कोल्हापुरी लिहिणे म्हणूनच धोक्याचे आहे. त्याचप्रमाणे दुसऱ्या कंपनीचे नोंदलेले नाव आपल्या मालाखाली लिहू नये. प्राडाचे नाव गाजते आहे म्हणून आपल्या चपलेला तेच नाव लावणे, म्हणजे ज्याबद्दल आपण तक्रार केली तेच स्वतः करणे होय.

उलट ज्यांचा माल अस्सल आहे त्यांनी कायद्याचा आधार घ्यावा. मानांकन असलेल्या मालाच्या उत्पादकाला 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नाव नोंदविता येते. या अर्जाचे शुल्क २०२० मध्ये पाचशे रुपयांवरून दहा रुपयांवर आणले गेले. दहा रुपयांत मिळणारा हा हक्क घेण्यास आळस करू नये. लिडकॉमने कोल्हापुरी चपलेसाठी क्यू.आर. कोडची सोयही केली आहे. फोनने तो कोड पाहिला की चप्पल कोणी आणि कोठे केली ते कळते. हॅशटॅग गिऱ्हाईकाला दारापर्यंत आणतो. आत आल्यावर त्याची खात्री पटविण्यासाठी अशा गोष्टी लागतात.

हिशेब ठेवा

शेवटी, कोणत्या शब्दाने काम झाले हे कसे कळणार? त्यासाठी शंभर रुपयांची वही पुरेशी आहे. प्रत्येक नव्या गिऱ्हाईकाला "आमचा पत्ता कुठून मिळाला?" एवढे विचारावे आणि उत्तर तारखेसह लिहून ठेवावे. एका महिन्यात एकच शब्द बदलावा. पाचही एकदम बदलले तर कोणाचा गुण आणि कोणाचा दोष हे समजत नाही. तीन महिन्यांनी वही उघडली की ज्या शब्दाने एकही माणूस आला नाही तो काढून टाकावा. फोटोला किती जणांनी पसंती दिली, यावर धंदा मोजू नये. पसंतीने गल्ला भरत नाही.

व्यापारी बंधूंनो, आपल्या वाडवडिलांकडे ना फोन होता ना फोटो. तरी नदाफ, आतार, शिकलगार या शब्दांवर पंचक्रोशी विश्वास ठेवत होती, कारण त्या शब्दामागे पिढ्यान्‌पिढ्यांचा हात आणि इमान होते. हॅशटॅग लिहायला अर्धा मिनिट लागतो आणि तो शिकायला मुलाबरोबरची एक संध्याकाळ पुरते. त्या शब्दावर विश्वास बसायला मात्र तेवढीच वर्षे लागणार आहेत. म्हणून आज संध्याकाळी दुकान बंद करताना मुलाला जवळ बसवून आपले पाच शब्द ठरवा, आणि उद्या सकाळी दुकान उघडताना त्या पाचही शब्दांना शोभेल असाच माल पुढे मांडा.